व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे : फरक काय, आणि माळ्यावरच्या तबकड्यांचं करायचं काय?

दिवाळीची साफसफाई चालू होती. शेजारच्या वहिनींनी माळ्यावरनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली काढला. उघडला तर आत चाळीसभर सीड्या. काही पिक्चरच्या, दोन भजनाच्या, एकीवर पेननं ‘बारसं’ लिहिलेलं आणि तीन लग्नाच्या. दारात भंगारवाल्याची गाडी उभीच होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्या किलोवर घालू काय ओ? सीडी प्लेअर तर कवाच बंद पडलाय." मी म्हटलं, जरा थांबा.

थांबा म्हणायला कारण होतं, ते पुढं सांगतो. पण त्या डब्यापाशी बसल्यावर लक्षात आलं की ज्याला आपण सरसकट ‘सीडी’ म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या जाती आहेत, आणि कुठली कशावर चालते, कुठल्या तबकडीत चित्र चांगलं, कुठली लवकर खराब होते, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. मलाही पाच वर्षांपूर्वी नव्हतं. जे शिकलो ते एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

तबकडी दिसायला एकच, आत सरी वेगळी

व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या मापानं सारख्या. रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधे भोक. म्हणूनच घोटाळा होतो. तिन्ही पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकच्या आणि आत चकाकणारा पातळ थर. छापील सीडीत तो बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. त्या थरात अतिसूक्ष्म खड्ड्यांची एक रांग आतून बाहेर गोल गोल जाते. प्लेअरमधला लेसर किरण त्या रांगेवरनं फिरतो, परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरनं चित्र आणि आवाज तयार होतो. ग्रामोफोनची सुई घासायची, इथं काही घासत नाही. सीडीवरची ही रांग सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर लांब भरते. म्हणजे तबकडीत एकच सरी, पण गावापासून पुढच्या गावापर्यंत जाणारी.

फरक आहे तो सरीच्या अंतरात. उसाला साडेचार फुटी सरी सोडली तर एकरात किती ओळी बसतात आणि अडीच फुटी सोडली तर किती, हे आपल्याला सांगायला नको. सीडीत दोन ओळींतलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४, ब्लू-रेत ०.३२. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ओळ जवळ आली तशी ती वाचणारी किरणाची टोकही बारीक लागते. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा किरण, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा निळा-जांभळा. ब्लू-रे हे नाव त्या निळ्या किरणावरनंच पडलं.

रान तेवढंच, पण पीक बघा. सीडीत साधारण ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी, आणि ब्लू-रेत एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी.

व्हीसीडी

सीडी बाजारात आली १९८२ साली, फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची, आणि ती गाण्यासाठी. त्याच तबकडीवर पिक्चर बसवायचं मानक १९९३ मध्ये ठरलं, तीच व्हीसीडी. ७४ मिनिटं, फार तर ८० मिनिटं मावायची. म्हणून पिक्चरच्या दोन सीड्या, हिंदी मोठा असला तर तीन. हाणामारी रंगात आलेली असायची आणि पडदा निळा व्हायचा. मग ज्याचा प्लेअर तोच उठून सीडी बदलणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम असायचा.

अमेरिकेत, युरोपात व्हीसीडी फारशी चाललीच नाही. ती चालली चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडं. कारण सरळ होतं. प्लेअर स्वस्त, तबकडी स्वस्त, आणि धूळ-ओल असलेल्या घरात व्हिडिओ कॅसेटला बुरशी धरायची ती कटकट नाही. ज्यांच्याकडं प्लेअर नव्हता ते भाड्यानं आणायचे. गणपतीत मंडळापुढं रंगीत टीव्ही आणि प्लेअर आणायचा, रात्रभर तीन पिक्चर लावायचे, आणि भारनियमनाची वेळ बघून सुरुवात ठरवायची. आमच्या गल्लीत ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘माहेरची साडी’ इतक्या वेळा लागलेत की पोरं संवाद टीव्हीच्या आधी म्हणायची.

चित्राचं म्हणाल तर व्हीसीडीत आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके. गुणाकार केला तर एक लाखाच्या आसपास. त्या वेळच्या २१ इंची डब्बा टीव्हीवर हे खपून गेलं. आजच्या ४३ इंची एलईडीवर तीच सीडी लावली की तोंडाच्या जागी चौकटी दिसतात, विशेषतः कुणी पळायला लागलं की. सीडी बिघडली नाही, टीव्ही मोठा झालाय. त्यामुळं घरातल्या लहान टीव्हीवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर व्हीसीडीचं चित्र उलट बरं दिसतं.

आवाज दोनच बाजूंचा, डावा आणि उजवा. काही गाण्याच्या व्हीसीडीत एका बाजूला नुसतं संगीत, दुसऱ्या बाजूला गायकासकट गाणं असायचं. अशा सीडीत एकाच स्पीकरमधनं आवाज आला तर वायर तुटली म्हणून प्लेअर उघडत बसू नका, रिमोटवरचं एल-आर बटण दाबून बघा.

डीव्हीडी

डीव्हीडी जपानात नोव्हेंबर १९९६ मध्ये विकायला आली. आपल्या खेड्यांत पोचायला तिला दहा वर्षं तरी लागली. ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. अख्खा पिक्चर एका तबकडीत. शिवाय मेनू, पाहिजे त्या प्रसंगावर उडी, खाली अक्षरं, एकाहून जास्त भाषांतला आवाज, आणि पाच स्पीकर व एक बेस अशी सहा ठिकाणी वाटलेली ध्वनियोजना. घरी एवढे स्पीकर कुणाकडं होते म्हणा.

स्वस्ताईची खरी धडक २००७ साली बसली. मोझर बेअर ही कोऱ्या सीड्या बनवणारी भारतीय कंपनी पिक्चर विकण्यात उतरली, आणि तिनं कंपनीची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. त्याआधी अस्सल सीडी घ्यायची तर नोटेला नोट जोडावी लागायची, म्हणून लोक एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावरची नकली घ्यायचे. सहा रुपयांच्या फरकात चौपट चित्र मिळायला लागल्यावर व्हीसीडी मागं पडणारच. मराठी पिक्चरही याच काळात घरोघरी गेले. एव्हरेस्ट, व्हिडिओ पॅलेस, शेमारू ही नावं तुमच्याही डब्यातल्या कव्हरांवर सापडतील. पुढं मोबाईलवर इंटरनेट आलं, तबकड्यांचा खप बसला, आणि २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनीच अवसायनात निघाली.

गाड्यावर ‘एकात सहा’ पिक्चरच्या डीव्हीड्या मिळायच्या, आठवतात? ४.७ जीबीत एक पिक्चर नीट बसतो. सहा कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण जीबी येतं, म्हणजे चित्र पुन्हा व्हीसीडीच्याच पंक्तीला. एका टमरेलात सहा जणांना चहा दिल्यासारखं. नकली सीडी-डीव्हीडी विकण्याचा धंदा महाराष्ट्रात इतका माजला होता की २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या ‘एमपीडीए’ कायद्यात व्हिडिओ पायरेट हा प्रकार घालण्यात आला.

डीव्हीडीची एक अडचण परदेशातनं आणणाऱ्यांना येते. पिक्चर कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत. भारत विभाग ५ मध्ये, अमेरिका विभाग १ मध्ये. पाहुण्यांनी अमेरिकेतनं आणलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर ‘रीजन एरर’ दाखवते ती यामुळं. कव्हरवर पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात आकडा असतो, तो बघावा. शून्य किंवा ‘ऑल’ लिहिलं असेल तर कुठंही चालते. घरी चित्रण करून भरलेल्या लग्नाच्या डीव्हीडीला ही भानगड नसते.

ब्लू-रे

खरं सांगायचं तर आपल्या तालुक्यांत ही फार कमी घरांत आहे. कोल्हापूरच्या दुकानांत मी इंग्रजी आणि थोड्या हिंदी ब्लू-रे बघितल्या, मराठी मात्र एकही हाताला लागली नाही. ती आली २००६ मध्ये. तिच्याशी तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी भांडत होती, फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं हात टेकले. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांवर. डीव्हीडीच्या पाचपट, व्हीसीडीच्या वीसपट. २०१६ पासून तिच्यावरची ‘फोर-के’ ब्लू-रेही आली, तिला विभागांचं बंधन नाही.

पोरं विचारतात, मोबाईलवर ‘एचडी’ दिसतंय की, मग तबकडी कशाला? ठिपके सारखे असले तरी माल सारखा नसतो. ओटीटीवरचा पिक्चर नेटवरनं यायचा म्हणून फार दाबून लहान केलेला असतो. ब्लू-रेवरचा पिक्चर साधारण २५ ते ४० जीबी भरतो. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर तो उतरवायचा म्हटला तर अडीच ते चार आठवडे लागतील. अंधारातला, पावसातला, धुरातला प्रसंग बघितला की हा फरक डोळ्यांना कळतो. पण त्यासाठी टीव्ही मोठा पाहिजे आणि खोलीत अंधार पाहिजे. आपल्या सोप्यात, दार उघडं, समोर जनावरं, अशा ठिकाणी ब्लू-रेचे पैसे वसूल होत नाहीत असं माझं मत आहे.

कशावर काय चालतं

व्हीसीडी प्लेअरवर फक्त व्हीसीडी आणि गाण्याची सीडी चालते. त्यात डीव्हीडी घालून ‘नो डिस्क’ आलं म्हणून डीव्हीडी टाकून दिलेले लोक मला माहीत आहेत. डीव्हीडी प्लेअरवर डीव्हीडी आणि बहुतेक वेळा व्हीसीडीही चालते. ब्लू-रे प्लेअरवर ब्लू-रे आणि डीव्हीडी चालतात, व्हीसीडी मात्र प्रत्येक मॉडेलवर चालेलच असं नाही. वरची जात खालचं वाचते, खालची वरचं वाचत नाही.

डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडीसाठी वेगळा आणि डीव्हीडीसाठी वेगळा लेसर असतो. त्यामुळं डीव्हीडी चालते पण जुनी व्हीसीडी वाचत नाही, असं झालं तर दोष सीडीचाच असेल असं नाही. त्यातला एक लेसर म्हातारा झालेला असू शकतो. दुसऱ्या प्लेअरवर लावून बघितल्याशिवाय सीडीवर खापर फोडू नका.

दुसरी अडचण वायरीची. जुन्या प्लेअरला पिवळी-पांढरी-लाल अशा तीन पिनांची वायर असते. नव्या एलईडीला मागं ती तीन भोकं नसतात. काही टीव्हीत हेडफोनसारख्या बारीक पिनेचं एकच भोक असतं आणि त्याला जोडायचा तुकडा टीव्हीच्या खोक्यात आलेला असतो, तो आपण खोक्यासकट फेकलेला असतो. सेकंडहँड प्लेअर घ्यायचा तर एचडीएमआय असलेला बघून घ्या, म्हणजे ही कटकट राहत नाही. घ्यायच्या आधी आपली एक व्हीसीडी आणि एक डीव्हीडी बरोबर न्या आणि दुकानात शेवटपर्यंत पळवून बघा. सुरुवात सगळेच दाखवतात.

लग्नाची सीडी वेगळी, पिक्चरची वेगळी

आता मुद्द्याचं. कंपनीची तबकडी छापलेली असते. साच्यातनं खड्डे उठवलेले, वर धातूचा थर. लग्नाची, बारशाची, जागराची तबकडी छापलेली नसते, ती कोऱ्या सीडीवर लेसरनं भाजलेली असते. तिच्यात रंगाचा एक थर असतो आणि लेसर त्यावर डाग पाडतो. हा रंग ऊन, उष्णता आणि ओल यांनी हळूहळू उडतो. ओळखायचं कसं? उलटी करून उजेडात धरा. छापील तबकडी पांढरी चंदेरी दिसते. भाजलेली सीडी हिरवट किंवा निळसर, भाजलेली डीव्हीडी जांभळट दिसते. म्हणजे ज्या तबकडीची दुसरी प्रत जगात कुठंही नाही, तीच सगळ्यात कच्ची.

आमच्या लग्नाच्या तीन व्हीसीड्या होत्या, २००६ सालच्या. टीव्हीच्या वर, खिडकीच्या कडेला, दहा-बारा वर्षं पडून. वर बॉलपेननं मीच दाबून ‘१, २, ३’ लिहिलेलं. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यानंतर चार वर्षांनी धाकटी बहीण म्हणाली, दादांचा आवाज ऐकायचाय. घरात त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुठंच नाही, त्यांच्याकडं साधा फोन होता. आवाज होता तो फक्त दोन नंबरच्या सीडीत. जेवणाच्या पंगतीत कॅमेरावाला आचाऱ्याकडं वळतो आणि मागनं दादा ओरडतात, "आमटीत पाणी वाढवू नका रं, माणसं मोजून बोलावल्यात!" एवढंच. एक नंबर चालली, तीन नंबर चालली, दोन नंबर ३१ मिनिटांवर अडकायची. पंगत त्याच्या पुढं होती.

चित्रण करणाऱ्यानं मूळ कॅसेट कधीच पुसून वापरली होती. मी गडहिंग्लज, कोल्हापूर करत चार कॉम्प्युटरवर सीडी लावली. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी, एका मित्राच्या धूळ खात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हनं ती वाचली. पाच-सहा मिनिटं गेली ती गेलीच, पण पंगत आली. एक ड्राइव्ह वाचत नाही ती तबकडी दुसरा वाचू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि हेही कळलं की बॉलपेननं मीच तिचं वाटोळं केलं होतं.

ते कसं, तर सीडीत खरा माल वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली असतो. खालची चकचकीत बाजू म्हणजे एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचं कवच. आपण जपतो खालची बाजू आणि वर खुशाल लिहितो. खालचा बारीक ओरखडा पुष्कळदा चालून जातो, वरचा ओरखडा थेट मालावर. डीव्हीडीत माल मधोमध, दोन पातळ पत्र्यांच्या मधे असतो, म्हणून ती वरनं जरा सुरक्षित. ब्लू-रेत तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, म्हणून तिला खालनं कडक लेप दिलेला असतो. सीडीवर लिहायचंच तर मधल्या पारदर्शक कड्यावर, सीडीच्या मऊ मार्करनं. कागदी स्टिकर चिकटवू नका, तबकडीचा तोल जातो आणि स्टिकर सुटला तर प्लेअरमध्ये अडकतो.

साधी तपासणी सांगतो. सीडी बल्बसमोर धरा. चकाकत्या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर तिचा थर सुटायला लागलाय, तिची नक्कल आधी करून घ्या. माल आतून बाहेर भरत जातो, त्यामुळं बाहेरच्या कडेचा ओरखडा अर्धवट भरलेल्या तबकडीत निरुपद्रवी असू शकतो. भाजलेल्या तबकडीत कुठंपर्यंत भरलंय ते रंगाच्या फरकावरनं डोळ्यांना दिसतं.

पुसायची ती मधल्या भोकापासून सरळ बाहेर, मऊ सुती कापडानं. ताट पुसतो तशी गोल पुसायची नाही, कारण गोल ओरखडा सरीच्या दिशेनं जातो आणि सलग माल खातो. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून नेतो. टूथपेस्टचा उपाय मी करून बघितलाय. एक सीडी चालली, दुसरी धुरकट झाली. ब्लू-रेवर तर अजिबात नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचं पाणी शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या घरांत शिरलं. आमच्या शिरोळच्या पाहुण्यांकडं लग्नाचे अल्बम लगदा झाले, पण सीड्यांचा डबा चिखलातनं निघाला. प्लॅस्टिकला नुसत्या पाण्यानं लगेच काही होत नाही. बिघडतं ते चिखल वाळल्यावर खरवडून काढल्यानं. वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्यात बुडवून माती सुटू द्यायची, घासायचं नाही, मग उभी करून सावलीत वाळवायची. पाहुण्यांनी त्या पत्र्यावर उन्हात पसरल्या. त्यातल्या भाजलेल्या दोन चालल्याच नाहीत. पुराचं पाणी आत शिरल्यामुळं की उन्हामुळं, ते आता कोण सांगणार.

पेन ड्राइव्हवर कशी घ्यायची

मोबाईलला तबकडी लागत नाही, म्हणून एकदा तरी कॉम्प्युटर लागतोच. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो, बाहेरनं यूएसबीनं जोडायचा मिळतो. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेत जुना डेस्कटॉप असेल तर आधी तिथं विचारा.

व्हीसीडी उघडली की आत चार-पाच फोल्डर दिसतात. त्यातला ‘एमपीईजीएव्ही’ हा आपल्या कामाचा. त्यात नावाच्या शेवटी ‘डॅट’ असलेली मोठी फाइल असते. ती कॉपी करायची आणि शेवटचं ‘डॅट’ काढून ‘एमपीजी’ लिहायचं. बहुतेक टीव्ही आणि मोबाईल मग ती ओळखतात. न ओळखल्यास व्हीएलसी नावाचं फुकट ॲप घ्या, ते दोन्ही चालवतं. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर असतो, तो अख्खा उचलायचा. आतले तुकडे एकेक जीबीचे असतात, ते सुटे करू नका, क्रम हरवतो. कॉपी मधेच अडकली तर लगेच रद्द करू नका, एखाद्या जागी ड्राइव्ह पाच-पाच मिनिटं झटापट करतो.

एक लक्षात घ्या, व्हीसीडी पेन ड्राइव्हवर घेतल्यानं चित्र सुधारत नाही. ‘एचडी करून देतो’ म्हणून जास्त पैसे मागणारे भेटतील. एक लाख ठिपक्यांतनं वीस लाख ठिपके खरे निघत नाहीत. मशीन मधलं अंदाजानं भरतं, आणि कधी कधी आजीचं तोंड भलत्याच बाईसारखं करून ठेवतं. साधी नक्कल आधी घ्या, बाकीचं नंतर.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंत. एका व्हीसीडीची फाइल त्यात आरामात बसते. आणि पेन ड्राइव्ह ही काही अमरपट्टा घेऊन आलेली वस्तू नाही. एक प्रत आपल्याकडं, एक बहिणीच्या किंवा भावाच्या घरी, दुसऱ्या गावात असली तर आणखी बरं.

काही जण विचारतात, नक्कल करणं गुन्हा आहे का? पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचाच असतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा तसंच सांगतो. लग्नाच्या सीडीची नक्कल बिनधास्त करा. कंपनीच्या पिक्चरच्या नकला काढून वाटणं-विकणं हा मात्र गुन्हा.

पिक्चरच्या सीड्यांचं काय?

सगळ्या ठेवायची गरज नाही. पण जुने मराठी पिक्चर फेकताना जरा हात आखडता घ्या. ओटीटीवर सगळं नसतं, आणि आज असलेलं कराराची मुदत संपली की उद्या गायब होतं. कोल्हापूरकरांना तर हे कळायलाच पाहिजे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथं १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. सावकारानं नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तो मूकपट आज बघायचा म्हटलं तर प्रत नाही. आपल्या बापजाद्यांची गोष्ट, आपल्याच गावात केलेली, आणि आपल्यालाच बघता येत नाही. प्रभात कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरातच उभी राहिली, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये इथंच झाला, १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. तिच्या जुन्या नायट्रेट फिल्म, ज्या पेट घेतात, त्यातल्या कितीतरी जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या आगीत जळाल्या. ज्यांच्या प्रती इतरत्र होत्या तेच पिक्चर राहिले.

तबकड्यांचाही काळ सरतोय. अमेरिकेत नेटफ्लिक्सनं टपालानं डीव्हीडी पाठवायचा आपला मूळ धंदा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. सोनीनं कोऱ्या ब्लू-रे बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. प्लेअर दुरुस्त करणारे आपल्या तालुक्याच्या गावांत आता एका हाताच्या बोटांवर मोजायचे. तेव्हा नक्कल करायची तर ती याच वर्षी.

वहिनींच्या डब्यातल्या लग्नाच्या तीनपैकी दोन निघाल्या, बारशाचीही निघाली. तिसरीसाठी मित्राच्या त्याच जुन्या ड्राइव्हला पुन्हा कामाला लावलंय. छापील पिक्चरच्या अकरा ठेवल्या. बाकीच्या फुटक्या, ओरखडलेल्या मी दोरीत ओवून भाताच्या शेतात टांगल्या, लोंब्या भरल्यात आणि राघूंनी उच्छाद मांडलाय. उन्हात चमकल्या की पाखरं उठतात. दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी एक चिमणी सीडीच्या भोकावर बसून झोका घेताना दिसली.